नवीन विंडोज विकत घ्यायची गरज नाही

संपादक महोदय,

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून बऱ्याच लोकांना वाटतंय की आता परत पैसे भरून नवीन विंडोज घ्यावी लागणार, तर तसं अजिबात नाहीये. तुमच्याकडे ओरिजिनल विंडोज १० असेल तर ११ चं अपग्रेड फुकट आहे, लायसन्स त्या कॉम्प्युटरच्या हार्डवेअरला जोडलेलं असतं त्यामुळे नवीन प्रॉडक्ट की (विंडोज सुरू करायचा कोड) लागतच नाही. फक्त मशीन विंडोज ११ ला चालणारं हवं, म्हणजे किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर. खरी अडचण इथेच येते. टीपीएम कित्येकदा असतं पण बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) बंद असतं, ते चालू केलं की काम होतं, मात्र प्रोसेसरच जुना असेल तर अधिकृत इलाज नाही आणि चांगलं चालणारं मशीन भंगारात टाकायला लावणं मला तरी चुकीचं वाटतं. अशांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघा, तेही फुकटच आहे, ब्राउझर आणि लिबर ऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर) व्यवस्थित चालतं. काहीही करण्याआधी फाइल्सचा बॅकअप मात्र घ्याच, आणि क्रॅक केलेली विंडोज कृपया टाकू नका, त्यातून व्हायरस येऊ शकतात.

– एक वाचक