जखम सुकू दे म्हणणं आता बंद करा

संपादक साहेब,

माझ्या आईला शुगर आहे, गेल्या वर्षी तळपायाला जखम झाली, रोज ड्रेसिंग बदलताना सुकलेल्या गॉजबरोबर आलेली नवी कातडीपण निघून यायची, आई पदराचा बोळा दातात धरायची, बघवायचं नाही. मग एका सिस्टरनी हायड्रोजेल सुचवलं. साबुदाण्याच्या खळीसारखं, गार, त्यात बहुतेक पाणीच असतं पण पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या, जाळीत धरून ठेवलेलं, म्हणून जखम ओलसर राहते आणि पट्टी चिकटत नाही.

ओलसर जखमेवर कातडी लवकर येते हे जॉर्ज विंटर या संशोधकानी १९६२ मध्येच डुकरांवर दाखवलं होतं, आणि प्रागच्या विख्टर्ले आणि लिम या रसायनशास्त्रज्ञांचं हायड्रोजेल तर १९६० चं, त्यातूनच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली! आणि आपल्याकडे अजून "वारा लागू दे, सुकू दे" चालूच आहे. (जखमेतून खूप पाणी येत असेल तर हे चालत नाही, डॉक्टरांना विचारूनच लावा.)

सरकारी दवाखान्यात निदान शुगरवाल्यांच्या पायासाठी तरी हे फुकट द्या ही कळकळीची मागणी आहे, आणि तुमच्या आरोग्य पुरवणीत यावर एकदा सविस्तर छापाच.

एक वाचक, सांगली