कशावरून?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शाळेत गणित शिकवायला लागलास हे वाचून फार आनंद झाला. पण शेवटी जे लिहिलंस ते डोक्यातून जात नाही. "मुलं म्हणतात, सर, रीत तेवढी सांगा, कारण नको." आणि लगेच मलाच विचारलंस, की आठवीपर्यंत आपण दोघंही प्रमेयं घोकून पास होत होतो, मग मी गणितात संशोधन करण्यापर्यंत पोहोचलो कसा? तू शाळा बदललीस आणि नववीला आम्हाला गणिताला नव्या बाई आल्या. त्यांच्याबद्दल तुला कधी नीट सांगितलंच नाही. आज सांगतो. लांबेल, पण वाच.

आपलं गणित कसं होतं ते तुला आठवत असेलच. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, सगळं तोंडपाठ. आकृतीतली अक्षरं बदलली की मात्र हातपाय गळायचे. गुण बरे पडायचे, त्यामुळे काही अडतंय असं घरी, शाळेत कुणालाच वाटत नव्हतं.

एकदा तासाची थोडी मिनिटं उरली होती. बाई म्हणाल्या, कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे तेवढे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान, आणि मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. मी ३५२४ घेतली. ५४३२ मधून २३४५ गेले, राहिले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणखी एकदा केलं, ७६४१ वजा १४६७, तर परत ६१७४च! मान वर करून बघतो तर शेजारच्याच्या वहीत ६१७४, मागच्या बाकावर ६१७४. कुणाला कमी पायऱ्या लागल्या, कुणाला जास्त, पण सातच्या वर कुणीच गेलं नाही.

वर्गात नुसता कल्ला. बाईंनी तो होऊ दिला. मग सांगितलं, की हे शोधून काढणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नोकरीची सगळी वर्षं देवळालीला शाळेत शिकवत होते. १९४९ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या एका मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर त्यांचं नाव झालं. गणित म्हणजे फार पूर्वी, फार लांब कुणीतरी उरकून ठेवलेलं काम, अशी माझी समजूत होती. एका शाळामास्तराने आकड्यांशी खेळता खेळता नवीन काही शोधलं, हे ऐकून मी अक्षरशः हललो.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची. बाईंनी विचारलं, "कोणतीही संख्या घेतली तरी ६१७४ येईल, कशावरून?" आम्ही म्हणालो, बाई, सगळ्या वर्गाला आलं की! त्या काही बोलल्या नाहीत. फळ्यावर दुसरंच काही लिहिलं. एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. १ घेतला तर ४३. २ घेतले तर ४७. ३ घेतले तर ५३. सगळ्या मूळ संख्या. आम्ही हौसेने पुढे पुढे करत गेलो, प्रत्येक वेळी मूळ संख्याच. बाई शांतपणे म्हणाल्या, "३९ पर्यंत असंच चालेल. उद्या ४० घालून या." ४० घातले की १६८१ येतात, आणि १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. इतक्या वेळा खरं ठरलेलं एका पायरीवर खोटं ठरलं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मग ६१७४ चं काय?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टाफरूमबाहेर गाठलं. मला वाटलं, त्या उत्तर सांगतील. त्या म्हणाल्या, "चार अंक सोड. तीन अंकांचं बघ, आणि दर वेळी वजाबाकीत काय उरतं तेवढंच बघ."

मित्रा, ही वजाबाकी तू आत्ताच कागदावर कर. तीन अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी केली की मधला अंक निघूनच जातो. उरते ती सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांच्या फरकाची ९९ पट. तो फरक १ ते ९ इतकाच असू शकतो. म्हणजे संख्या कुठलीही घे, पहिल्या वजाबाकीनंतर नऊच शक्यता: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. पहिली घेऊन पुढे गेलो. ९९० वजा ०९९, ८९१. मग ७९२, मग ६९३, मग ५९४, मग ४९५. आणि ९५४ वजा ४५९ परत ४९५! उरलेल्याही याच साखळीत येऊन मिळत होत्या.

वही घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी बरोबरची खूण केली नाही. पेन्सिलीने समासात दोन शब्द लिहिले, "काही राहिलं?" मी तिथेच उभं राहून नऊच्या नऊ पुन्हा तपासल्या. "नाही, काही राहिलं नाही." त्या म्हणाल्या, "मग हे बरोबर आहे का, हे मला विचारायची गरज आहे का?" गरज नव्हती. तीन अंकी कोणतीही संख्या घे, तिन्ही अंक सारखे नसले की ती ४९५ वर येणारच, हे मला ठाऊक होतं, आणि ते पुस्तकावर किंवा बाईंवर विसंबून ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही माझं स्वतःचं होतं. संशोधन वगैरे जे काही मी आज करतो ते त्या समासातल्या दोन शब्दांपासून सुरू झालं, असं मी मनापासून मानतो.

चार अंकांचं नंतर केलं. तिथे दोन फरक धरावे लागतात, टोकाच्या अंकांचा आणि मधल्यांचा. हजारो संख्यांच्या जागी ५४ प्रकार तपासले की काम होतं. सुट्टीत तेही पूर्ण केलं. पुढे प्रमेयं वाचायची माझी पद्धतच बदलली. आधी सिद्धता झाकून ठेवायची, स्वतः प्रयत्न करायचा, अडलं की एकच ओळ बघायची. दहावीत गुण वाढले ते यामुळेच. पण खरा फायदा कॉलेजात कळला. पाठांतरावर आलेली हुशार मुलं तिथे पहिल्याच वर्षी गडबडली, मी तरलो.

आणखी एक सांगायचं राहील. बाईंना एखादं उदाहरण सुटलं नाही तर त्या फळ्यासमोर उभ्या राहून सरळ म्हणायच्या, "मला आत्ता सुचत नाहीये," आणि आमच्यासमोरच खोडत, पुन्हा मांडत बसायच्या. मोठ्या माणसाला विचार करताना मी तेव्हा प्रथम पाहिलं. अडणं म्हणजे ढ असणं ही भीती तिथेच गेली. ६१७४ पेक्षा मला हे मोठं वाटतं, आणि हे करायला कसलं साहित्य लागत नाही, वेळही वेगळा काढावा लागत नाही.

तुझी अडचण मला कळते. अभ्यासक्रम संपवायचा असतो, परीक्षा असतात, पालक गुण विचारतात. बाईही अभ्यासक्रम वेळेवर संपवायच्या. या गोष्टी तासाच्या शेवटी, उरलेल्या वेळात. सगळ्या मुलांना त्या आवडायच्या असंही नाही, काही जण शेवटपर्यंत रीतच मागत राहिले, आणि बाईंनी त्यांनाही रीत नीट शिकवली. म्हणून तू निराश होऊ नकोस. रीत मागणाऱ्याला रीत दे, पण कधीतरी "कशावरून?" विचारून गप्प बस. पहिले काही दिवस वर्गात शांतता पसरेल, ती सहन कर. घाईने उत्तर देऊन टाकू नकोस.

चार अंकांचं झालं की तुझ्या मुलांना पाच अंक दे. तिथे सगळ्यांची एकच संख्या येत नाही, आकडे फिरून फिरून त्याच त्याच फेऱ्यात अडकतात. हे त्यांना आधी सांगू नकोस. फेरे किती निघाले आणि आणखी नाहीत हे त्यांनी कशावरून ठरवलं, ते मला सविस्तर लिही.

काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जुना बाकमित्र