न्याय समितीचं दार उघडा

संपादक महाशय,

वडिलार्जित जमिनीच्या दाव्यासाठी मी अकरा वर्षं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली. रात्री भाकरी बांधून निघायचं, उच्च न्यायालयातून पुढची तारीख घेऊन परतायचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरातच बसू लागलं, तेव्हा मी रडले.

पण न्यायाला उशीर का होतो, हे विचारणाऱ्या संसदेच्या विधी व न्याय स्थायी समितीच्या बैठका आजही बंद दाराआड होतात. लोकसभेचे २१, राज्यसभेचे १० सदस्य. सचिवांना, जाणकारांना बोलावून प्रश्न विचारतात. कोण काय बोललं, हे आपल्याला अहवाल सभागृहात मांडल्यावर कळणार, तेही थोडक्यात. ब्रिटनच्या न्याय समितीपुढच्या साक्षी मात्र बहुतेक वेळा थेट दाखवतात, शब्दन् शब्द छापतात. गोपनीय बाब असेल तेव्हा दार लावा, माझी ना नाही.

आणि आपल्या समितीनं लेखी म्हणणं इंग्रजी-हिंदीतच का मागावं? माझा सातबारा मराठीत आहे, दुःखही मराठीत. समिती दौरे काढतेच. एकदा भाऊसिंगजी रस्त्यावरच्या सर्किट बेंचला या, आवारात बसलेल्या बायाबापड्यांचं ऐका.

– एक पक्षकार, कसबा बावडा, कोल्हापूर