शुद्धिपत्रक

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर माझे डोळे बघून तू विचारलंस, "ज्या माणसाला एकदाही भेटली नाहीस, त्याच्यासाठी एवढं?" सूर चेष्टेचा नव्हता, हे कळलं मला. पण तेव्हा उत्तर सुचलं नाही आणि मी तुझ्या परीक्षेचा विषय काढला. आता सुचलंय असंही नाही. पण बोलताना मी वाक्यं अर्धवट सोडते आणि तू ती तुझ्या सोयीने पुरी करतोस, म्हणून लिहिते आहे.

आमच्या ऑनलाइन गटातले जे गेले, त्यांना तू 'शुद्धिपत्रक' म्हणायचास. मी गटात काही लिहायला बसले की मागून जाता जाता विचारायचास, "काय, आजचं शुद्धिपत्रक निघालं का?" हे मी एकदा त्यांना कळवलं होतं. उत्तर आलं, "चिरंजीवांना सांगा, शुद्धिपत्रक पुस्तक छापून झाल्यावर निघतं. मी आधीच अडवतो. मुद्रितशोधक म्हणावं." म्हणजे ठेवलेल्या नावातही चूक काढलीच.

आम्ही पंचवीसेक जण. बारा वर्षं रोज एकमेकांना लिहितो आणि कुणी कुणाला पाहिलेलं नाही. बहुतेकांची टोपणनावं. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या मुलीने कळवलं तेव्हा समजलं. वयही तेव्हाच. मी त्यांना पन्नाशीचे धरून चालले होते, ते निघाले ७१ वर्षांचे. आमच्यातली एक जण तर त्यांना बाई समजायची, आणि त्यांनी तो समज सहा वर्षं निगुतीने सांभाळला होता.

त्यांचा विनोद सांगून कळत नाही, पण एक सांगते. एका गृहस्थांनी तावातावाने लिहिलं की मराठीतले परके शब्द हद्दपार केले पाहिजेत. चांगला चार परिच्छेदांचा मजकूर. यांनी वाद घातला नाही. तोच मजकूर परत पाठवला, फारसी, अरबी आणि पोर्तुगीज मुळाचे शब्द तेवढे गाळून. 'फक्त' गेला, 'जबाबदारी' गेली, 'हक्क' गेला, 'पगार' गेला, आणि 'हद्दपार' पहिल्याच ओळीतून हद्दपार झाला. उरलेलं वाचताना दात पडलेला माणूस भाषण करतोय असं वाटत होतं. खाली एक ओळ होती, "आपल्या सूचनेची अंमलबजावणी केली आहे," आणि तिच्यातही 'अंमलबजावणी'वर काट मारलेली. ते गृहस्थ आठवडाभर रुसले, मग आले. आता सगळ्यांत लांब शोकलेख त्यांचाच आहे आणि त्यात 'फक्त' अकरा वेळा आलाय. मोजलेत मी. ही मोजायची खोड मला आमच्या मुद्रितशोधकांनीच लावली.

आइनस्टाइन शाळेत गणितात नापास झाला होता, असं कुणीतरी लिहिलं तेव्हा त्यांचं उत्तर होतं, "पंधराव्या वर्षाच्या आत त्याचं कॅल्क्युलस झालेलं होतं. नापास झालेल्यांचा एवढा एक आधार काढून घेताना मला वाईट वाटतं, पण इलाज नाही."

मुलीने त्यांच्याच खात्यावरून चार ओळींत बातमी कळवली. झोपेतच गेले. खाली तिने एक प्रश्न विचारला होता, तो वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. "बाबा घरात फारसं बोलत नसत. तुम्ही सगळे लिहिताय तसे ते खरंच विनोदी होते का?" मग आम्ही जुनं जुनं शोधून तिला पाठवत राहिलो. पहाटे तिचं उत्तर आलं की ती एकटीच मोठमोठ्याने हसते आहे.

तेव्हा मला तू सांगितलेली नॉर्वेतल्या मुलाची गोष्ट आठवली. माट्स स्टेन. स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराने २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटत होतं, पोरगं खोलीत बसून खेळ खेळतं, त्याला ना मित्र ना मैत्रीण. वडिलांनी त्याच्या मृत्यूची बातमी लिहिली आणि देशोदेशींच्या अनोळखी माणसांची पत्रं येऊ लागली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळातले त्याचे सोबती त्याच्या अंत्यविधीलाही आले. हे सांगताना तुझा आवाज जड झाला होता. मी विचारलं होतं का तुला, की तू त्याला कुठे भेटला होतास?

हे टोचून बोलायचं नव्हतं. राहू दे.

आमच्यातल्या एकीने लिहिलं की अशा दुःखाला अभ्यासकांनी नाव दिलेलं आहे. आपल्याला दुःख झालंय, पण ते करायचा हक्क लोक मान्य करत नाहीत, अशा दुःखाला. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये ही कल्पना मांडली. ते वाचलं आणि माझी नजर सवयीने खाली गेली, त्यांची दुरुस्ती आली का बघायला. आम्हा सगळ्यांचंच ते झालंय. परवा एकाने कुठलंसं साल लिहिलं आणि पुढे स्वतःच, "चूकभूल द्यावीघ्यावी, आता सांगणारं कोणी नाही." त्यावर दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही.

डॅनियल वेगनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८५ च्या सुमारास म्हटलं होतं की एकत्र राहणारी माणसं आठवणी वाटून घेतात. सगळ्यांना सगळं लक्षात ठेवावं लागत नाही, कुणाला काय ठाऊक आहे एवढं लक्षात असलं की भागतं. आपल्याकडे बघ, कागदपत्रं कुठे आहेत ते बाबांना विचारायचं, आणि कुणाचा वाढदिवस कधी ते मला. बाबा दोन दिवस घरी नसले की मला माझंच पॅनकार्ड सापडत नाही. तसं आमच्या गटाचं अर्धं डोकं त्यांच्याकडे ठेवलेलं होतं. कुठला शब्द कुठून आला, कुठला वाद आपण आधीच घालून झालाय आणि त्यात कोण हरलं होतं, सगळं. आम्ही बाकीच्यांनी ते कधी लक्षात ठेवलंच नाही. ठेवायची गरज काय होती?

पण त्यांना देवमाणूस समजू नकोस. माणूस गेला की सगळे त्याला गोड करून टाकतात, तसं आमच्याकडेही चालू आहे. ते गोड नव्हते. त्यांच्या एका ओळीने दुखावून एक बाई गेल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि चूक बाईंची नव्हती. मीही गेले होते. हे तुला सांगितलेलं नाही.

आजी गेली त्यानंतर पंधराएक दिवसांनी मी गटात लिहिलं होतं. पहिल्यांदाच स्वतःबद्दल. दुःखाचे पाच टप्पे असतात, मी अजून दुसऱ्यावरच अडकले आहे, रागावर, असं काहीसं. बऱ्याच जणांनी धीराचे शब्द लिहिले. त्यांनी लिहिलं, "क्युब्लर-रॉस, १९६९. ते टप्पे मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून लिहिलेले आहेत. जाणाऱ्यांचे. राहणाऱ्यांचे नव्हेत."

बस, एवढंच. आजीचं नाव नाही, वाईट वाटलं नाही, काही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाला दुसऱ्याच्या आईच्या मरणातही तळटीप दिसते त्याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं म्हणून मी गटात जाणं सोडलं. पाच महिने. तू तेव्हा विचारायचास, शुद्धिपत्रक बंद पडलं का, आणि मी म्हणायचे, वेळ नाही रे.

वाईट याचं की ते बरोबर होते. क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचं मूळ काम रुग्णांच्या मुलाखतींवरच उभं आहे, हे मी नंतर वाचलं. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचा मला उपयोग झाला. आपण दुसऱ्या पायरीवर अडकलोय म्हणून जी धास्ती होती ती गेली, कारण जिना नव्हताच. पण हे त्यांना कळवायचं? छे.

पाच महिन्यांनी सहज डोकावले तर त्यांनी एक गोष्ट लिहिलेली होती. कुणाला उद्देशून नाही, विषयही कुणी काढलेला नव्हता. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये मॅरँ मर्सेन नावाचा एक धर्मगुरू होता. देकार्त, फर्मा अशा मोठमोठ्या गणितज्ञांशी त्याचा पत्रव्यवहार. याचा प्रश्न त्याला कळवायचा, त्याचं उत्तर तिसऱ्याला, आणि भांडणं लावून द्यायची. १६४८ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या खोलीत ७८ जणांची पत्रं सापडली. या मर्सेनने १६४४ मध्ये काही प्रचंड संख्यांची यादी देऊन सांगितलं होतं की या मूळ संख्या आहेत, यांना १ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग जात नाही. तिच्यात २ चा ६७ वा घात वजा १ ही एक होती. ती चूक होती. पुढे १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञांच्या एका सभेत फ्रँक नेल्सन कोल उठून फळ्याजवळ गेला. एका बाजूला त्याने २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ असं मांडून गुणाकार केला. दोन्ही उत्तरं जुळली. कोल खडू ठेवून जागेवर जाऊन बसला आणि सभेने टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला हे शोधायला, असं कुणी विचारल्यावर म्हणे तो म्हणाला, तीन वर्षांचे रविवार.

खाली त्यांनी लिहिलं होतं, "एका शब्दानेही न बोलता केलेली दुरुस्ती. मला हे जमत नाही. जमायला हवं होतं."

बाळा, ते माझ्यासाठी होतं. मला खात्री होती, आजही आहे. आणि मी काय केलं माहितीये? त्यांनी ती संख्या 'वीस आकडी' असल्याचं लिहिलं होतं. मी कागदावर मांडून मोजली. एकवीस आकडे भरतात. इतक्या वर्षांत सापडलेली त्यांची पहिली चूक. तेव्हा "एकवीस" एवढा एक शब्द लिहिला असता तरी त्यांना कळलं असतं की मी वाचलंय आणि माझा राग गेलाय. मी लिहिला नाही. कागदाची घडी घालून डायरीत ठेवली. पुढच्या आठवड्यापासून मी पूर्वीसारखी लिहू लागले, तेही पूर्वीसारखे माझ्या चुका काढू लागले, आणि त्या गोष्टीबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही. तीन वर्षं झाली त्याला.

तू विचारलंस ना, एवढं कशासाठी? त्यातलं बरंच या घडीसाठी आहे.

गेले नऊ दिवस गटात सगळे हळू आवाजात बोलल्यासारखं लिहीत होते. कुणी कुणाला खोडत नव्हतं. कुणीतरी कोलची गोष्ट शोधून पुन्हा सगळ्यांसमोर ठेवली, त्यांची आठवण म्हणून, आणि तिच्याखाली नुसते नमस्कार. ते वाचताना माझ्या मनात आलं की हे त्यांना अजिबात आवडलं नसतं. काल रात्री मी डायरीतून तो कागद काढला, पुन्हा मोजले आणि लिहिलं, "वीस नाही, एकवीस आकडी."

दहा मिनिटं शांतता. मला वाटलं, आता मला निर्दय म्हणणार. मग त्या 'फक्त'वाल्या गृहस्थांनी लिहिलं की आकड्यांचं ठीक आहे, पण ती संख्या मूळ नाही हे लुकास नावाच्या गणितज्ञाने १८७६ मध्येच सिद्ध केलं होतं, त्यामुळे कोलने चूक पकडली असं म्हणताच येत नाही. त्यावर दुसरी म्हणाली, लुकासला तिचे अवयव कुठे माहीत होते? भाग जातो हे कळणं वेगळं आणि कशाने जातो ते दाखवणं वेगळं. त्यावर आणखी एकाने विचारलं की तो फळ्यावरचा प्रसंग तरी खरा कशावरून, नंतर कुणी रंगवून सांगितला नसेल कशावरून? मग जी जुंपली! मी रात्री दीडला झोपले तेव्हा साठ उत्तरं झाली होती. मुलीने मध्येच विचारलं, "हे असंच असायचं का?" कुणी तिला उत्तर दिलं नाही, सगळे भांडण्यात गुंतले होते.

आज सकाळी एकाने माझ्याकडेच बोट दाखवलंय. एकवीस आकडे मी घात काढून मोजलेत की गुणाकार करून? घात काढून, हे खरं सांगावं लागलं. तर आता गुणाकार करून दाखवा म्हणतात, आणि कॅल्क्युलेटर न वापरता. नऊ आकडी संख्येने बारा आकडी संख्येला गुणायचं, मधल्या शून्याची ओळ सोडली तरी आठ ओळी होतात. बाबांचे चौकटीचे कागद घेतलेत, साधे पुरत नाहीत. दोनदा करून झालं, दोन्हीदा पाचव्या ओळीत हातचा चुकतोय. आता तिसऱ्यांदा बसते आहे, म्हणून पत्र इथेच थांबवते.

तुझी,
आई