नानास पत्र : काकूंच्या अंगठ्याविषयी

अमळनेर,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

पाडव्याला तू पाठवलेल्या लांबलचक मजकुराला मी तीन आठवडे उत्तर दिले नाही, याची मला मनापासून खंत वाटते. तू रागावला असशील हे मला ठाऊक आहे, कारण रागावलास की तू फोन उचलत नाहीस, आणि शुक्रवारपासून तू माझा फोन उचललेला नाहीस. इकडे सर्व ठीक आहे. आईचा गुडघा थंडीने पुन्हा दुखू लागला आहे, बाबांची साखर आटोक्यात आहे.

तुझा प्रश्न सरळ होता. संगणकाच्या कामावर पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांनी मत देताना तंत्रज्ञानाचे प्रश्नच निर्णायक मानावेत की नाही? खाजगीपणा, इंटरनेटवरील बंदी, माहितीचे संरक्षण आणि आता ही यंत्राची बुद्धी, यांविषयी जो नीट बोलेल त्यालाच आपण सर्वांनी एकगठ्ठा मत द्यावे, असे तुझे म्हणणे. शेतकरी भावावर मत देतो, शिक्षक जुन्या पेन्शनवर देतो, मग आपणच का मागे राहावे, असेही तू लिहिले होतेस. मला उत्तर सुचत नव्हते म्हणून मी गप्प राहिलो. बुधवारी मतदान केंद्रावर जे पाहिले, ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून समजेल असे वाटत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

बुधवारी सकाळी मी गढीवरच्या काकूंना घेऊन मतदानाला गेलो. पहिल्या अधिकाऱ्याने त्यांचा अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचले, समोर बसलेल्या निरनिराळ्या पक्षांच्या प्रतिनिधींनी आपापल्या यादीवर खूण केली, आणि त्यांतल्या एकाने तर "या काकू, बसा हवं तर" असे म्हटले. दुसऱ्या अधिकाऱ्याने नोंदवहीत त्यांचा अंगठा घेतला आणि डाव्या तर्जनीवर शाई लावली. मिनिटभरात काकू यंत्रासमोर उभ्या होत्या. कागदावर उमटलेला तो अंगठा अर्धवट होता, मधोमध पांढरा पट्टा राहिला होता, पण त्याबद्दल कोणीही काही विचारले नाही.

नाना, त्याच अंगठ्याला आठ दिवसांपूर्वी रेशन दुकानातल्या यंत्राने नाकारले होते. ई-केवायसी, म्हणजे यंत्रावर अंगठा लावून आधारशी ओळख जुळवणे, केली नाही तर कार्डावरचे नाव कमी होईल, असे गल्लीत सर्वांना सांगितले जात होते, म्हणून काकू भल्या सकाळी जाऊन बसल्या होत्या. मी माझ्या कामासाठी गेलो असताना त्यांचा पाचवा प्रयत्न चालू होता. दुकानदार वाईट माणूस नाही. त्याने काच सदऱ्याने पुसली, काकूंना अंगठा केसांवर घासायला सांगितला, मग दुसरा हात, मग एकेक करून दहाही बोटे. दर वेळी तोच आवाज आणि पडद्यावर तेच वाक्य, जुळणी झाली नाही. कापूस वेचणीचे दिवस आहेत. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी त्यांच्या बोटांची कातडी चिरली आहे, आणि चाळीस वर्षे राखेने भांडी घासल्यामुळे रेषा मुळातच उरलेल्या नाहीत. शेवटी त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मना आंगठा मना नही शे का रे भो?"

मला त्यांच्याकडे पाहवेना, कारण ते वाक्य कोठून येते हे मला ठाऊक आहे. पुण्यात असताना अशाच एका ओळख पडताळणीच्या पडद्याचे काम माझ्याकडे होते. अंगठ्याची जुळणी ही "हो" किंवा "नाही" अशी नसते, ती एका आकड्याने मोजली जाते, आणि त्या आकड्याचा उंबरठा कोठे ठेवायचा हे माणूस ठरवतो. उंबरठा वर नेला की खोटा माणूस आत येण्याची शक्यता घटते आणि खरा माणूस बाहेर राहण्याची वाढते. बैठकीत एका मुलीने विचारले होते की अंगमेहनत करणाऱ्यांचे काय होणार, आणि मी म्हणालो होतो की ते पुढच्या टप्प्यात पाहू. तो पुढचा टप्पा माझ्या हातून कधी झाला नाही. ही गोष्ट मी तुला आजवर सांगितली नव्हती.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. टेंभलीला आपण मोटारसायकलवरून गेलो होतो तो दिवस आठव. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या त्या गावच्या एका आदिवासी महिलेला दिला गेला, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते, आणि आपण दोघे पुढच्या आठवड्यात केवळ ते गाव पाहायला गेलो. आपल्या खान्देशातून देशाची एवढी मोठी गोष्ट सुरू झाली म्हणून तू परतीच्या वाटेवर दोंडाईच्याला मला जिलेबी खाऊ घातली होतीस. पुढे काय झाले ते पाहा. डिसेंबर २०११ मध्ये संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने, यशवंत सिन्हा अध्यक्ष असताना, आधार योजनेला कायद्याचे रूप देणारे विधेयक नाकारले. त्या वेळी विरोधी बाकावर बसून आधारवर टीका करणाऱ्या पक्षाच्याच सरकारने २०१६ मध्ये आधारचा कायदा धन विधेयक म्हणून मंजूर करून घेतला, आणि ज्यांनी योजना आणली होती ते विरोधात बसून त्याच कायद्याविरुद्ध बोलू लागले.

माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या, इंटरनेटवरच्या मजकुरावरून अटक करू देणाऱ्या कलम ६६अ चेही तेच झाले. ते २००८ च्या दुरुस्तीने आले, २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक नोंदीवरून अटक झाली तेव्हा आपण दोघेही हादरलो होतो. सरकार बदलल्यावरही नव्या सरकारने सर्वोच्च न्यायालयात त्या कलमाची पाठराखणच केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द झाले ते कायद्याच्या एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा निकाल आला तो पुट्टस्वामी नावाच्या एका निवृत्त न्यायमूर्तींमुळे. म्हणजे ज्या प्रश्नांवर तू मत द्यायला सांगतोस, त्या प्रश्नांवर पक्षाची भूमिका त्याच्या विचारावरून ठरत नाही, तो खुर्चीवर आहे की खुर्चीबाहेर आहे यावरून ठरते. अशा भूमिकेवर विसंबून मी पाच वर्षांचे मत कसे देऊ?

यावर तू २०१५ ची, नेट न्यूट्रॅलिटीच्या लढ्याची, आठवण काढशील. दूरसंचार प्राधिकरणाला दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी आली, ही आपल्या लोकांचीच करामत होती. त्या दिवसांत तू मेसच्या काकांकडूनही ई-मेल पाठवून घेतला होतास, आणि त्यांनी महिनाभर सगळ्यांना विचारले होते की दिल्लीहून उत्तर कधी येणार. मी ई-मेल पाठवायला चार दिवस लावले म्हणून तू माझ्याशी आठवडाभर अबोला धरलास, तेही मी विसरलेलो नाही, आणि त्या वेळी तुझेच बरोबर होते हे आज लेखी कबूल करतो. पण ते सगळे मतपेटीतून घडले नव्हते. निवडणुका नसताना, ज्यांना विषय कळत होता त्यांनी तो इतरांना समजावला म्हणून ते घडले.

माझे मत मी पाण्यावर दिले. पाडळसरे धरण दोन दशकांहून अधिक काळ रखडले आहे. तापी डोळ्यांसमोरून वाहून जाते, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येते हे तुला वेगळे सांगायला नको. मी संगणकावर काम करतो, पण पाणी तर काकूंच्या घरचेच पितो. शेतकऱ्याचे आणि शिक्षकाचे उदाहरण तू दिलेस, ते मला अर्धेच पटते. शेतकऱ्याला भाव मिळाला नाही तर त्याचे घर बसते. आपल्या धंद्याचे जे प्रश्न आपण म्हणतो, त्यांतल्या कित्येकांचा भार आपल्यावर पडतच नाही. माझा अंगठा पहिल्या प्रयत्नात जुळतो. कामाच्या तासांचा प्रश्न मात्र खरोखर आपला आहे, आणि जुलैमध्ये कर्नाटकात दिवसाला १४ तासांपर्यंत काम घेण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा तू जे लिहिलेस ते शब्दशः योग्य होते. त्यावर संघटित व्हायला माझी केव्हाही तयारी आहे.

मग तंत्रज्ञानाचा प्रश्न माझ्या मताला मुळीच वळवणार नाही का? एक वळवील, आणि ती काळजी बुधवारपासून मला झोपू देत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर मतदार यादीला आधार जोडण्यासाठी नमुना ६ब घेऊन आपल्या दारी माणसे आली होती. ते ऐच्छिक आहे असे सांगितले जाते. पण रेशनचे आणि बँकेचेही आरंभी कोणी सक्तीचे म्हटले नव्हते. यंदा ऑगस्टमध्ये मी गल्लीतल्या बायकांचे लाडक्या बहिणीचे अर्ज मोबाइलवर भरून देत होतो. काकूंच्या सुनेचे पैसे आले, पण ते कोठे आले हेच तिला कळेना. ती तीनदा बँकेत जाऊन रिकाम्या हातांनी परतली. शेवटी कळले की आधारशी जोडलेले म्हणून जे खाते नोंदले होते, ते गॅसच्या अनुदानासाठी उघडलेले जुने खाते होते, आणि त्याचे पासबुकसुद्धा घरात सापडत नव्हते. तिचे पैसे निदान सापडले. पण मतदान केंद्राच्या दारात उद्या असे यंत्र बसले आणि त्याने काकूंना नाही म्हटले, तर ते मत नंतर कोणत्या खात्यात शोधायचे? त्या खोलीत आज चार माणसे एकमेकांसमोर नाव मोठ्याने वाचतात आणि ओळखीची माणसे मान हलवतात, ही मला आपण लिहिलेल्या कोणत्याही आज्ञावलीपेक्षा भक्कम पडताळणी वाटते. ती काढून तिथे यंत्र बसवू म्हणणारा उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, त्याने पाडळसरे पुढच्या वर्षी पुरे करून दाखवले तरी मी त्याला मत देणार नाही.

प्रचाराला आलेल्या एका कार्यकर्त्याला मी रेशनच्या यंत्राबद्दल विचारले होते. तो म्हणाला, "दादा, आमचे साहेब त्यासाठी ॲप आणणार आहेत." त्याला दोष देत नाही. त्याला कोणी समजावलेच नाही. ते काम आपले होते, नाना, आणि आपण ते सोडून कोणाला मत द्यावे याची चर्चा करत बसलो. उंबरठा म्हणजे काय हे मी गेल्या चार दिवसांत सात घरी बसून सांगितले. काकूंना कळायला पाच मिनिटेही लागली नाहीत. त्या म्हणाल्या, म्हणजे चाळणीची भोके कोणीतरी ठरवली आहेत.

तुझ्या घराच्या कर्जाचे हप्ते कसे चालले आहेत? तुमच्या विभागात कपात होणार असे ऐकले, तसे असेल तर मनात ठेवू नकोस, मला कळव. चिमणीची शाळा बदलण्याचे काय ठरले? वहिनींना नमस्कार सांग. भरिताची वांगी बाजारात आली आहेत, जानेवारीत चार दिवस काढून ये.

उद्या सोमवारी काकूंना घेऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जायचे आहे. ज्यांचे अंगठे जुळत नाहीत त्यांची ई-केवायसी दुसऱ्या मार्गाने करून द्यावी आणि तोवर एकाचेही नाव कमी करू नये, असा अर्ज मी लिहिला आहे. गल्लीतल्या अकरा जणींनी त्यावर अंगठे केले आहेत. मसुदा सोबत पाठवतो. जुळणीच्या उंबरठ्याचा परिच्छेद मला नीट जमलेला नाही. तो आज रात्रीच वाचून तुझ्या सवयीप्रमाणे लाल शाईने दुरुस्त करून पाठव. कार्यालय दहाला उघडते.

तुझाच,
बापू