ताटली ठेवून गोल कापू नका, तो भोकात बसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही क्विल्टवर, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीवर, अर्धं पान दिलंत, आणि तेही नेहमीच्या चौकोन-त्रिकोणांवर नाही तर वळणदार जोडकाम असलेल्या मॉडर्न क्विल्टवर, याचा खरंच खूप आनंद झाला. फोटोही छान आलेत. पण त्या लेखात एक कृती दिलीय की कापडावर ताटली उपडी ठेवायची, कडेने गोल कापून काढायचा आणि त्या भोकात त्याच ताटलीने कापलेला दुसऱ्या रंगाचा गोल शिवून टाकायचा, ती मात्र चुकीची आहे आणि ते वाचून जो कोणी बसेल त्याचं काम बिघडणारच. म्हणून हे पत्र.

हे मी स्वतः केलेलं आहे. माझा पहिला वळणाचा ब्लॉक (ज्या चौकोनांची मिळून क्विल्ट होते त्यांतला एक) असाच कापला होता, तेव्हा मला शिकवणाऱ्यांनीही हेच सांगितलं होतं. टेबलावर गोल भोकात अगदी फिट्ट बसला, मग शिवायला घेतला तर तीन बाजू नीट आल्या आणि शेवटी भोकाचं कापड उरलं ते उरलंच, कुठे दाबून बसवू कळेना, चार वेळा उसवलं, शेवटी नुसत्या चुण्या. मला वाटलं माझा हातच वळणाचा नाही आणि त्यानंतर दोन वर्षं मी फक्त सरळ पट्ट्या जोडत राहिले. ती दोन वर्षं उगाच गेली, कारण हाताचा काही दोष नव्हता, माप चुकलेलं होतं.

बघा, क्विल्टमध्ये शिलाईची मार्जिन पाव इंच असते. गोल शिवताना टीप कडेपासून पाव इंच आत पडते, म्हणजे गोल लहान होतो. भोकाची टीप मात्र कडेपासून पाव इंच बाहेरच्या बाजूला पडते, म्हणजे भोक मोठं होतं. त्रिज्येत अर्ध्या इंचाचा फरक पडला की परिघात 2 गुणिले 3.14 गुणिले अर्धा, म्हणजे 3.14 इंचांचा फरक. ताटली केवढीही घ्या, बशी घ्या नाहीतर परात, हा फरक तेवढाच राहतो. तीन इंच जास्तीचं कापड कुणाच्याही हाताने जिरत नाही, कितीही अनुभव असू दे.

बरोबर पद्धत म्हणजे दोन वेगळे टेम्प्लेट, म्हणजे कापायचे साचे. तयार गोल 6 इंच व्यासाचा हवा असेल तर गोल साडेसहा इंचांचा कापायचा आणि भोक साडेपाच इंचांचं. आता गंमत अशी की बरोबर कापलेले तुकडे टेबलावर ठेवले की ते चुकलेत असंच वाटतं, कारण गोल भोकापेक्षा चांगला इंचभर मोठा दिसतो. इथेच बरेच जण घाबरून सोडून देतात. कापलेल्या कडांची लांबी वेगळी असते पण टीप जिथून जाणार ती रेघ दोन्हीकडे सारखीच असते, आणि आपल्याला जोडायची आहे ती रेघ.

पूर्ण गोल एकदम शिवण्यापेक्षा पाव वर्तुळाने सुरुवात करावी असं माझं मत आहे. ड्रंकर्ड्स पाथ नावाचा जुना ब्लॉक आहे तो असाच, चौकोनाच्या एका कोपऱ्यात पाव वर्तुळ, बाकीचा भाग दुसऱ्या रंगाचा, असे 16 चौकोन फिरवून फिरवून जोडतात. चारच चौकोन घेतले आणि प्रत्येक चार दिशांना फिरवता येतो म्हटलं तर 256 मांडण्या होतात, त्यामुळे शिवण्याआधी जमिनीवर पसरून बघण्यातच माझी संध्याकाळ जाते. पाव वर्तुळाच्या फुगीर तुकड्याची कापलेली कड आणि बाकीच्या भागाच्या, म्हणजे खोबणीच्या तुकड्याची कड यांत साधारण 2 सेंटिमीटरचा फरक असतो, आणि हा फरकही वर्तुळ लहान असो की मोठं तेवढाच. त्यामुळे लेखात जे म्हटलंय की नवशिक्यांनी छोट्या गोलांपासून सुरू करावं ते बरोबर उलटं आहे. 6 इंच त्रिज्येच्या वळणाची टीप 24 सेंटिमीटर लांब येते, तिथे 2 सेंटिमीटर सहज जिरतात, आणि दीड इंच त्रिज्या घेतली की तेच 2 सेंटिमीटर 6 सेंटिमीटरमध्ये बसवायचे. म्हणून मोठं वळण आधी आणि लहान नंतर.

जिरतात कसे, तर उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या कापलेल्या कापडामुळे. सरळ बाजू कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यावर ठेवून कापलं की वळणाचा मधला भाग आपोआप उरेब येतो आणि उरेब कापड ताणलं जातं, त्यामुळे खोबणीची कड थोडी उघडते आणि फुगीर कडेवर जाऊन बसते. पण याच कारणाने कापल्यावर तुकडे ओढायचे नाहीत, लटकवून ठेवायचे नाहीत, आणि इस्त्री घासायची नाही, वरून ठेवायची आणि उचलायची. दोन्ही तुकड्यांना दुमडून मध्य काढायचा, एक टाचणी मध्यावर, एकेक दोन्ही टोकांना, हव्या तर मध्ये अजून दोन. खोबणीचा तुकडा वर ठेवून शिवायचं, म्हणजे चुणी येतेय का ते दिसतं आणि खालचं जास्तीचं कापड मशीनचे दाते ओढून घेतात. हळू शिवायचं, दोन-तीन इंचांवर थांबायचं, सुई कापडात रुतलेली ठेवून प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचलायचा, कापड वळवायचं, पुन्हा पुढे. खोबणीच्या कडेला काप देतात पण ते घट्ट वळणालाच, आणि मार्जिनच्या निम्म्यापर्यंतच, मोठ्या वळणाला मी देतच नाही कारण काप दिला की कड तिथे कमजोर होते. आणि ब्लॉक थोडा मोठाच शिवून नंतर मापात छाटायचा, ही सवय लागली की अर्धी काळजी मिटते, फक्त छाटताना वळणाचं टोक दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर राहतंय ना हे बघायचं, नाहीतर चार ब्लॉक जोडल्यावर गोल तुटका दिसतो.

टेम्प्लेट नको असेल तर मोकळ्या हाताची वळणं आहेत, मला स्वतःला तीच जास्त आवडतात. दोन कापडं, दोघांची सुलट बाजू वर, कडा एकमेकांवर चढवून ठेवायच्या आणि रोटरी कटरने, म्हणजे फिरत्या गोल पात्याच्या कटरने, एकाच फटक्यात हलकं नागमोडी कापायचं. ओल्फा या जपानी कंपनीने 1979 मध्ये हा कटर आणला तो खरं तर कपडे शिवणाऱ्यांसाठी, पण क्विल्ट करणाऱ्यांनी तो उचलला आणि दोन थर एकाच वेळी न हलता कापणं सोपं झालं. इथे एकाच रेघेवर कापलेलं चालतं, कारण वळण उथळ असतं आणि एकदा डावीकडे गेलं की पुढे उजवीकडे येतं, एका ठिकाणी कमी पडलेलं पुढच्या ठिकाणी भरून निघतं. पूर्ण गोलात असं होत नाही, तो एकाच दिशेने वळत राहतो. लेखात बहुतेक या दोन पद्धतींची सरमिसळ झाली असावी.

"वळणाचं काम अनुभवी हातांचंच" हे लेखाचं शेवटचं वाक्य तर मला लागलंच. 2009 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मॉडर्न क्विल्ट गिल्ड ही अशा क्विल्ट करणाऱ्यांची संघटना सुरू झाली, आणि मॉडर्न क्विल्टच्या प्रकारात साधे एकरंगी कापड, मोकळी सोडलेली जागा, मुद्दाम असमान मांडणी हेच तर असतं, मोठ्या मोकळ्या जागेत एकच भलंमोठं वळण टाकलं तरी ती क्विल्ट उभी राहते. शिकणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार? त्याला पहिल्याच दिवशी चुकीचं माप देऊन वर अनुभव कमी पडला म्हणायचं, हे बरोबर नाही.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा अशी विनंती. चौकट छोटी असली तरी चालेल, पण गोलाचं माप आणि भोकाचं माप वेगवेगळं द्या, आणि त्यात पाव इंच मार्जिन धरलीय हेही लिहा, कारण काही जण कपड्यांसारखी अर्ध्या इंचाहून जास्त मार्जिन धरून शिवतात, आणि मग हीसुद्धा मापं जुळणार नाहीत.

आपली,
पुरवणीची एक वाचक