कुत्रा घरात नीट फिरतो म्हणजे त्याला दिसते असे नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत गल्लोगल्ली पुनर्विकास सुरू आहे. इमारत रिकामी होते, माणसे भाड्याच्या घरात जातात आणि सोबतचा नऊ-दहा वर्षांचा कुत्रा पहिल्याच दिवशी भिंतीवर आपटतो. ‘घर बदलले आणि एकाएकी आंधळा झाला’ अशी तक्रार मग पशुवैद्यकाकडे येते. एका रात्रीत दृष्टी जाण्याचे आजार आहेत, पण बहुतेक वेळा नजर कितीतरी महिने उतरतच आलेली असते. जुन्या घराचा कोपरा न् कोपरा पाठ आणि नाक-कान शाबूत, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. उपचाराची वेळ नेमकी याच काळात हातची जाते, म्हणून हे पत्र.

कुत्र्याला फक्त काळे-पांढरे दिसते, हा समज चुकीचा आहे. रंग ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या डोळ्यात तीन प्रकारच्या असतात, त्याच्या डोळ्यात दोन. निळा आणि पिवळा त्याला चांगले कळतात. लाल आणि हिरवा मळकट पिवळे-तपकिरी होऊन एकमेकांत मिसळतात. हिरवळीवर फेकलेला लाल चेंडू तो हुंगत शोधतो आणि मालकाला वाटते, डोळे गेले. आधी निळा चेंडू टाकून बघा. बारकावेही त्याला कमी दिसतात: आपल्याला ७५ फुटांवरून ओळखू येणारी गोष्ट बघायला त्याला साधारण २० फुटांवर यावे लागते. याउलट हालचाल तो चटकन टिपतो आणि डोळ्याच्या पडद्यामागच्या चकाकत्या थरामुळे अंधुक उजेडात आपल्यापेक्षा सरस ठरतो. म्हणूनच दिवसा ठीक असलेला कुत्रा तिन्हीसांजेला जिन्यावर अडखळू लागला, तर ते वयावर ढकलू नये. लॅब्रेडॉर, कॉकर स्पॅनियल अशा जातींत आनुवंशिक आजाराने पडदा झिजतो, त्याची सुरुवात बहुधा रातांधळेपणानेच होते.

घरी तपासताना लोक डोळ्यांसमोर हात हलवतात. हाताचा वारा मिशांना लागतो, कुत्रा डोळे मिटतो आणि ‘दिसते’ असा शिक्का बसतो. टॉर्चने बाहुली आकसली, तेवढ्यानेही नजर आहे असे ठरत नाही. मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्याची बाहुलीही आकसते. त्यापेक्षा कापसाचा बोळा घ्या. त्याला आवाज नाही, वास नाही, वारा नाही. कुत्र्याच्या तोंडापासून फूटभर अंतरावर, त्याच्या डोळ्यांपेक्षा उंचावरून तो सोडा. नजर खाली जाते का बघा. डावीकडून, उजवीकडून, मग एकेक डोळा तळहाताने झाकून पुन्हा करा. दोन-तीन बोळ्यांनंतर कुत्रा कंटाळतो, त्यामुळे पहिला प्रतिसादच खरा धरा. नंतर रोजच्या वाटेवर एक बादली आणि एक स्टूल आडवे ठेवून लांबून हाक मारा. आधी भर उजेडात, मग दिवे मालवून.

सात-आठ वर्षांनंतर बाहुलीत निळसर धूसरपणा येतो. तो प्रत्येक वेळी मोतीबिंदू नसतो. बरेचदा भिंग वयाने घट्ट झालेले असते आणि नजर बरीचशी टिकून असते. फरक तज्ज्ञानेच सांगावा. मधुमेही कुत्र्याचे मात्र वेगळे. इन्सुलिन सुरू असूनही त्यांतल्या बहुतेकांना वर्ष-सव्वा वर्षात मोतीबिंदू होतो. शस्त्रक्रिया करायची तर भिंगामुळे डोळा आतून सुजण्याआधी जावे, आणि मागचा पडदा काम करतो का याची चाचणी आधी करून घ्यावी. गोचीडतापातही डोळ्याच्या आत सूज येते, रक्त उतरते. आपल्याकडे गोचीड बारमाही, त्यामुळे त्याचे औषध पावसाळ्यापुरते देऊन भागत नाही.

लाल डोळा, निळसर झालेले बुबुळ, मोठी राहिलेली बाहुली आणि डोक्याला हात लावू न देणे ही काचबिंदूची लक्षणे आहेत. डोळ्यातला दाब एरवी पाऱ्याच्या १० ते २५ मिलिमीटर इतका असतो. तो एकदम चढला तर दोन-तीन दिवसांत, कधी काही तासांत नजर कायमची जाते. सोमवारची वाट पाहू नये. आणि घरातले माणसांचे ड्रॉप घालू नयेत. डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असलेला ड्रॉप बुबुळावरच्या जखमेत पडला तर जखम खोल जाऊन डोळा फुटू शकतो. पग, शिह त्झू यांच्या बाहेर आलेल्या डोळ्यांना अशी जखम सहज होते.

नजर गेलीच, तर घर त्याला नव्याने शिकवता येते. सामान हलवू नका. सुरुवात एका खोलीपासून करा: पट्टा धरून अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, पुन्हा पुन्हा. येता-जाता त्याला उचलून दुसरीकडे ठेवू नका, त्याच्या मनातला नकाशा पुसतो. उचललेच तर भांड्याजवळ सोडा. दाराशी काथ्याचे पायपुसणे, पाण्याच्या भांड्याखाली रबरी चटई, म्हणजे पंजाला जागा कळते. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते; ती लांबीत चिरून टेबलाच्या पायांवर बसवा. मग गुडघ्यांवर बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून खोली बघा. कुंडीतल्या काटक्या आणि खिडकीचे उघडे कोपरे तेव्हाच दिसतात. खुणेसाठी वास वापरायचा तर पायपुसण्यावर व्हॅनिला इसेन्सचा एखादा थेंब पुरे. कापूर, डांबराच्या गोळ्या आणि टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी आहेत.

बाहेर नेताना गळ्याचा पट्टा नको, छातीचा हार्नेस हवा. ओढीने गळा आवळला की डोळ्यातला दाब वाढतो. पायरीच्या जरा अलीकडे थांबायचे, ‘वर’ किंवा ‘खाली’ म्हणायचे, मगच पाऊल. आईने ‘खाली’ आणि मुलाने ‘डाउन’ म्हटले तर तो बिचारा गोंधळतो. शब्द घरभर एकच ठेवा. जुन्या इमारतींतल्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये त्याला दारापासून दूरच्या कोपऱ्यात, आपल्या पायाशी धरावे. पंजा जाळीत अडकतो तो दार सरकताना. लिफ्ट मजल्याच्या इंचभर वर-खाली थांबली तर तीही पायरीच समजून शब्द द्यावा. पत्र्यावर पाऊस वाजत असताना किंवा गणपतीत ढोल-ताशे सुरू असताना त्याला आपला आवाज ऐकू येत नाही, म्हणजे त्याचा मुख्य आधारच जातो. तेव्हा दोरी आखूड धरा, नाहीतर फिरणे पुढे ढकला.

सोसायट्यांच्या कमिट्यांना एक विनंती. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी, खरखरीत अँटी-स्किड पट्टी लावून घ्या. अंधुक दिसणाऱ्या कुत्र्याला रंग कळतो, न दिसणाऱ्याला खरखर कळते, आणि म्हाताऱ्या रहिवाशांचाही पाय घसरत नाही. पॅसेजमधल्या सायकली आणि चपलांचे स्टँड रोज जागा बदलतात, तेवढे एका भिंतीला कायमचे लावून द्या.

– एक पशुवैद्यक, माहीम